सावल्या गेल्या आणि साडेसहा हजारही

आधी रक्कम सांगून टाकतो: सहा हजार पाचशे रुपये. रोख. पावती म्हणून हातात आली एक चिठ्ठी, तिच्यावर बॉलपेननं ‘कार्ड १ नग’ एवढंच.

मी सेलूचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. घरी विंडोज १० चं जुनं कॉम्प्युटर आहे. कुणाचा अर्ज टाइप करून द्यायचा, नातीचे फोटो बघायचे, दुपारी पत्ते खेळायचे, एवढाच त्याचा संसार. २०२५ च्या दिवाळीआधी ‘विंडोज १० बंद झालं’ अशी आवई उठली. बंद कसलं होतंय! १४ ऑक्टोबरला कंपनीचा नेहमीचा आधार संपला, कॉम्प्युटर आपलं चालतच होतं. पण मी घाबरलो आणि गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं ‘सर्व्हिसिंग’ म्हणून अर्धा तास माउस टिकटिकवला, पाचशे घेतले. कॉम्प्युटर जरा चपळ झालं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मात्र पडदा ओळखीचा वाटेना. विंडोच्या कडेला पडणारी सावली नाही. विंडो लहान केली की सरकत खाली जायची, ती आता फटकन गायब. माउसनं धरून ओढावी तर नुसती रिकामी चौकट हलते. फोटोंच्या फोल्डरमधे नातीचा चेहरा दिसायचा, तिथं सगळ्या फोटोंना एकच ठोकळेबाज चित्र. आणि अक्षरं! शिरोरेषा चांगली, पण ‘क’चं पोट आणि ‘श’ची गाठ करवतीनं कापल्यासारखी. चाळीस वर्षं फळ्यावर वळणदार अक्षर काढलेल्या माणसाला ते बघवत नाही.

आठ दिवसांनी त्यालाच परत बोलावलं. त्यानं पडद्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवली.

“गुरुजी, ग्राफिक कार्ड गेलं तुमचं.” म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग.

“आपल्याला कुठं होतं कार्ड?”

“आतलं हो, मदरबोर्डावरचं. लाइट किती कमी-जास्त व्हायलीय, त्यानं उडालं. दुसरं टाकावं लागतंय.”

इथं मी फसलो. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीची डीपी जळाली होती, शेजाऱ्याचा फ्रीज गेला होता. लाइटनं काही उडालं म्हटलं की आमच्याकडं कुणी उलट विचारत नाही. त्यात सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलेलं, हात आखडलेला. तरीही पैसे काढले.

दुपारी तो कार्ड घेऊन आला. ‘१०५० टीआय, ४ जीबी, बाहेर दहा हजारांच्या खाली मिळत नाही.’ पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “१८ टक्के जीएसटी वर पडंल गुरुजी, कशाला?” कार्डाला मागं निळं व्हीजीए पोर्ट होतं, म्हणजे मॉनिटरची जुन्या पद्धतीची केबल खोचायची जागा. माझा मॉनिटर जुना, केबल निळ्या टोकाचीच. ‘बघा, कन्व्हर्टरचाही खर्च वाचला,’ म्हणाला. मला तर तो देवमाणूसच वाटला. पेनड्राइव्हमधून ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकला, थोडं टिकटिक केलं, आणि सावल्या, फोटो, गोल अक्षरं सगळं परत! जाताना एवढंच बजावलं, “कार्डाचं अपडेट आलं तर करू नका.”

दिवाळीत भाची आली. नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. कॅबिनेटचा आवाज ऐकून म्हणाली, “मामा, हे एवढं कामून घरघरायलंय?” मागं वाकून बघितलं आणि हसायलाच लागली. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा जुना ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, मग त्या कार्डाला निळं पोर्ट कुठून आलं? शिवाय ते कार्ड साधारण ७५ वॅटचं, बहुतेकदा ज्या खाचेत बसवतात तिथूनच त्याचं विजेचं भागतं. आमच्या कार्डाला मात्र वरून वेगळी वीजेची वायर जोडलेली. तिनं कार्डाची ओळख सांगणारा जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला. कार्डाच्या नावाआधीच कंसात शब्द आला: ‘फेक’. आतली चिप २०१० सालच्या जीटीएस ४५० या जुन्या कार्डाची, मेमरी १ जीबी. कार्डाच्या बायोसमधे, म्हणजे त्याच्या आत कायम भरलेल्या माहितीत, खोटं नाव भरलं की विंडोजही तेच नाव दाखवतं. खरा ड्रायव्हर आला की पितळ उघडं पडतं, म्हणून ‘अपडेट करू नका’.

पण खरा धक्का पुढं होता. तिनं कार्ड काढून टाकलं आणि केबल मदरबोर्डावरच्या निळ्या पोर्टात खोचली. सगळं जसंच्या तसं चाललं. सावल्यासुद्धा! मग तिनं विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबलं, ‘सिसडीएम डॉट सीपीएल’ लिहिलं, ॲडव्हान्स्ड मधे जाऊन परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज उघडल्या. तिथं चार गोल. तिनं ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ वर टिचकी मारून ओके केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरांना करवतीचे दात फुटले.

“हेच झालतं ना, मामा?”

हेच. त्या एका गोलानं सावली, सरकणं, फोटोंची लहान चित्रं, अक्षरांचा गुळगुळीतपणा, सगळ्यांपुढच्या टिकच्या खुणा एकदम निघतात. कार्ड टाकताना त्यानं ‘थोडं टिकटिक’ केलं, ते त्या परत लावायला. जुन्या मशीनवर वेग यावा म्हणून दुरुस्तीवाले हे करतातच, त्यात गैर नाही. ‘कस्टम’ ठेवून अक्षरांची आणि फोटोंची टिक तेवढी परत लावली तरी माझ्यासारख्याचं भागतं. पहिल्या दिवशी त्याच्या मनात पाप होतं का, ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा होतं, कारण काय झालंय हे त्याला पडद्याकडं बघताच कळलं होतं.

भाचीनं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांची विंडोजमधली यादीही दाखवली. डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली इंटेलचं, म्हणजे आतल्याच ग्राफिकचं, नाव नीट दिसत होतं. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असतं तर नुसता ड्रायव्हर नाही असं समजायचं, आणि तो कंपनीच्या साइटवरून फुकट मिळतो.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं बिल. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, पण माझ्याकडं होतं काय? चिठ्ठी. तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख. फोनपेनं दिले असते तर निदान नोंद तरी राहिली असती.

शेवटी भाचीला घेऊन त्याच्या दुकानात गेलो. तो आधी चढ्या आवाजात बोलला, मग ‘मलाही वरून असंच आलं’ म्हणाला, मग तीन हजार काढून टेबलावर ठेवले. मी घेतले. कार्डही परत मागितलं त्यानं, आणि मी दिलं. तिथंच चुकलं माझं. दाराशी चप्पल घालताना वळून बघितलं, तर तो फडक्यानं त्या कार्डावरची धूळ पुसून ते खोक्यात ठेवत होता.