बगदाद अ‍ॅटलास: अणुकेंद्रकाच्या कंपनांचा माग काढणाऱ्यांसाठी

विरूपित, म्हणजे गोल नसलेल्या, अणुकेंद्रकांवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बगदाद अ‍ॅटलास उतरवून घ्यायला सांगते. वेगवान न्यूट्रॉनच्या इनइलॅस्टिक स्कॅटरिंगमधून (न्यूट्रॉन केंद्रकावर आपटून त्याला थोडी ऊर्जा देऊन जातो) मिळालेल्या गॅमा रेषांचा, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांचा, हा संग्रह. बगदादजवळच्या तुवैथा इथल्या अणुभट्टीवर इराकी आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ही मोजमापं केली आणि १९७८ साली ती मॉस्कोत छापली गेली. १०५ नमुने, त्यातले ७६ नैसर्गिक; रेषा सात हजारांवर. ती अणुभट्टी १९९१ च्या युद्धात बॉम्बहल्ल्यात गेली. मोजमापं मात्र टिकली, आणि अमेरिकेतल्या बर्कलेच्या मंडळींनी ती डेटाबेसमध्ये उतरवून सर्वांना मोफत खुली केली. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून केंद्रकाच्या धनभाराचा अडसरही नाही. शिवाय तो आवडनिवड करत नाही: ऊर्जेच्या आवाक्यातल्या, कमी स्पिनच्या (कोनीय संवेगाच्या) जवळपास सगळ्या ऊर्जापातळ्या उत्तेजित करतो. सामूहिक अवस्था, म्हणजे सगळं केंद्रक मिळून फिरतं किंवा कंपतं अशा अवस्था, शोधताना हेच हवं असतं.

एर्बियम-१६८ घ्या. त्याची पहिली २+ पातळी (स्पिन २, धन पॅरिटी) ७९.८ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट), ४+ पातळी २६४.१ वर. गुणोत्तर ३.३१, आदर्श रोटरचं, म्हणजे आकार न बदलता फिरणाऱ्या केंद्रकाचं, ३.३३. गॅमा कंपनाचा (केंद्रकाचा आडवा छेद दबतो-फुगतो असं कंपन; गॅमा किरणांशी साम्य नावापुरतंच) पट्टा, म्हणजे पातळ्यांची मालिका, ८२१.२ वर सुरू होतो आणि तिथून ८२१ व ७४१ केईव्हीच्या रेषा निघतात. इथवर सगळं सरळ. पण ४+ वरून २+ वर येताना निघणारी रेषा १८४.३ ची, आणि एर्बियम-१६६ मधली तीच रेषा १८४.४ ची! नैसर्गिक एर्बियमच्या वर्णपटात या दोन्ही एकाच शिखरात मिसळतात. त्या काळच्या जर्मेनियम-लिथियम डिटेक्टरला त्या वेगळ्या करणं शक्यच नव्हतं. म्हणून तीव्रता वाचण्याआधी नमुना नैसर्गिक की समृद्ध (एका समस्थानिकाचं प्रमाण वाढवलेला), हे बघाच. अशा वेळी मी ७४१ ची रेषा १६८ साठी आणि ७०५ ची १६६ साठी धरते; गॅमा पट्ट्यांमुळे समस्थानिक ओळखू येतात.

तीव्रता लोखंडाच्या ८४७ केईव्ही रेषेच्या सापेक्ष दिल्या आहेत, त्यामुळे दोन मूलद्रव्यांची तुलना करता येते. मला ही सोय सर्वात मोलाची वाटते.

मर्यादा अणुभट्टीच्या न्यूट्रॉनचीच आहे. त्यांच्या ऊर्जा सरमिसळ असतात, त्यामुळे न्यूट्रॉनची ऊर्जा टप्प्याटप्प्यानं वाढवत एखादी रेषा नेमकी कुठे उगवते ते पाहून तिची पातळी ठरवणं इथे जमत नाही. पातळ्यांचं आयुर्मानही मिळत नाही. एर्बियम-१६८ ची १२१७ केईव्हीची ०+ पातळी खरंच बीटा कंपन (केंद्रक लांबीच्या दिशेनं ताणतं-आक्रसतं ते) आहे का, असा वाद असेल तर आयुर्मानाशिवाय पुढे जाता येत नाही. त्यासाठी केंटकी विद्यापीठासारख्या ठिकाणी प्रवेगकावर एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन वापरून डॉप्लर सरकण्यावरून (केंद्रक हलत असल्यानं रेषेच्या ऊर्जेत पडणाऱ्या फरकावरून) काढलेली आयुर्मानं शोधा, आणि रेषांची ओळख पटवायला अ‍ॅटलास शेजारी उघडा ठेवा.