आठ महिन्यांत चार पॅच: गिटार प्रोसेसरचा अनुभव

फेब्रुवारीत मल्टिइफेक्ट्स प्रोसेसर घेतला, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी अनेक पेडलं एकाच डब्यात, आता दिवाळी तोंडावर आली आहे. त्याआधी वीसेक वर्षं माझ्याकडे एकच पेडल होतं, आवाज मुद्दाम फाडणारं, बॉसचं नारिंगी डीएस-1. ते 1978 पासून बाजारात आहे आणि त्याला तीनच नॉब आहेत. अंधारातसुद्धा हात लावला की कुठला नॉब किती फिरलाय ते कळतं. नवीन यंत्राला दोनशेच्या आसपास प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज), एक एवढुसा स्क्रीन, चार फूटस्विच आणि पायाने मागेपुढे करायचं एक एक्स्प्रेशन पेडल. मॉडेलचं नाव सांगत बसत नाही. पंधरा हजारांच्या आतबाहेर जी तीन-चार यंत्रं मिळतात त्यांचा स्वभाव बराचसा सारखाच आहे.

पहिले पंधरा दिवस मी गिटार वाजवलीच नाही, नुसते प्रीसेट बदलत बसलो. कारखान्यातून भरून आलेले प्रीसेट म्हणजे हॉटेलातल्या पंजाबी भाज्या. नाव कुठलंही असो, ग्रेव्ही तीच. इथली ग्रेव्ही म्हणजे रिव्हर्ब, मोठ्या हॉलसारखी घुमट. दुकानात उभ्या उभ्या दोन कॉर्ड वाजवल्या की माणूस खूश होतो, घरी आणून गाण्याची साथ करायला गेलं की सगळं ओलं, पसरट. त्यात ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे प्रसिद्ध पेडलांची खरी नावं आत लिहिता येत नाहीत. इबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर शोधत असाल तर स्क्रीनवर हिरव्या रंगाचं चित्र दिसेपर्यंत पुढे जात राहायचं.

मग घुं सुरू झाली. गिटार हातात, तारा दाबून धरलेल्या, तरी हेडफोनमध्ये सतत घुंऽऽ. मी यंत्रालाच दोष देत होतो. एकदा तसाच ट्यूनर चालू राहिला आणि कोणी काही वाजवत नसताना त्याने ‘जी’ सूर दाखवला, जरासा चढा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण येते ती 50 आणि 100 वर. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी 98 हर्ट्झचा. म्हणजे ट्यूनर खरंच बोलत होता, घरातली वीजच सूर लावून बसली होती. तारांना हात लावला की घुं कमी व्हायची, म्हणून अर्थिंगचा संशय आला. आमची इमारत पुण्यात एरंडवण्यातली, जुनी. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं आणि म्हणाला, “साहेब, हिरवी वायर आहे, पण ती कुठंच पोचत नाही.” अर्थिंग झाल्यावर अर्धं काम झालं. उरलेलं माझ्या सिंगल कॉइल पिकअपचं पाप, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या एकाच वेटोळ्याच्या चुंबकाचं. पंख्याचा रेग्युलेटर आणि लॅपटॉपचा चार्जर जवळ असले की ते ती घाण ओढून घेतात. खुर्ची खिडकीकडे फिरवून बसलो तर गुणगुण निम्म्यावर येते. त्यानंतर बारीक आवाज अडवणारा नॉइज गेट लावायचा, तोही हलकाच. जास्त लावला तर लांबवलेला सूर मधेच कात्रीने कापल्यासारखा तुटतो.

अ‍ॅडॉप्टरबद्दल एकच सांगतो. हे यंत्र 9 व्होल्टवर चालतं, पण पिनच्या मधल्या भागाला निगेटिव्ह लागतं आणि घरात पडलेले बरेचसे अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत दुसरा घ्यायला गेलो तेव्हा यंत्र सोबत नेलं, खालचं चित्र दुकानदाराला दाखवलं आणि मगच पैसे दिले.

आता खरा घोळ. पहिले चार महिने मी रात्री, घरचे झोपल्यावर, हेडफोनवर बारीक आवाजात पॅच, म्हणजे स्वतः जुळवलेले आवाज, बनवले. भरदार खर्ज, वर चकाकी, काय सांगू! जूनमध्ये पौड रोडला तासावर मिळणाऱ्या एका जॅम रूममध्ये आम्ही जुने कॉलेजवाले जमलो, मी ऐटीत केबल अ‍ॅम्पमध्ये खुपसली, आणि आवाज आला गोधडीखालून. आमचा बासवाला म्हणाला, “अरे, तुझं मशीन झोपलंय का?”

कारण साधं होतं. हेडफोनसाठी प्रोसेसर स्पीकरच्या पेटीची नक्कल करतो, म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन. तो आवाज खऱ्या गिटार अ‍ॅम्पमध्ये घातला की पेटीतून पेटी, दोनदा गाळलेला चहा. गिटारचे स्पीकर 5 हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाहीत, त्यात नकलेनेही तेच कापलेलं. अ‍ॅम्पमध्ये जाताना कॅबिनेट बंद आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाताना चालू, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. ते सेटिंग मेन्यूत चार पायऱ्या आत आहे.

ते केलं तरी आवाज बसेना. आता खर्ज घुमत होता आणि वरचे सूर कानात टोचत होते. आपला कान बारीक आवाजात खर्ज आणि वरचे सूर दोन्ही कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली याचे आलेखच मांडले होते. मी रात्री बारीक आवाजात ऐकताना ती तूट भरून काढत गेलो होतो, मोठ्या आवाजात तीच भर अंगावर आली. त्या दिवशी दोन तासांच्या भाड्यातला एक तास मी नुसता बेस कमी करण्यात घालवला. मित्रांनी समोसे खाऊन घेतले.

तेव्हापासून माझी रीत ठरली. 100 हर्ट्झच्या खालचं कापायचं, साडेपाच हजारांच्या वरचं कापायचं, रिव्हर्ब वाटतो त्याच्या निम्मा, गेन (आवाज किती फाटायचा ते) वाटतो त्याच्या दोन-तृतीयांश. एकट्याने ऐकलं तर असा आवाज कोरडा, पातळ वाटतो. बास आणि तबला सुरू झाले की तोच जागेवर बसतो. पॅच तपासायचा तर शनिवारी दुपारी, स्पीकरवर. वरच्या मजल्यावरच्या आजी चारपर्यंत झोपतात, म्हणून चारनंतर. ऑगस्टमध्ये तोही प्रश्न मिटला, कारण संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की माझं काही कोणाला ऐकूच जात नव्हतं.

टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन लय सांगणं, ही मात्र या यंत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सोसायटीच्या गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम होता. मी डिले, म्हणजे प्रतिध्वनी, 500 मिलिसेकंदांवर ठेवला होता, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांना बरोब्बर एक मात्रा. पण आमचे तबलजी काका केरवा धरतात एका लयीत आणि दुसऱ्या अंतऱ्याला पोचतात भलत्याच. लय 126 वर गेली की मात्रा 476 मिलिसेकंदांची होते. माझा प्रतिध्वनी 500 वरच अडून बसला तर प्रत्येक ठोक्यामागे लंगडतो. काकांना लय सांभाळा म्हणायची माझी प्राज्ञा नाही. स्विचवर पायाने दोन-तीन ठोके दिले की यंत्र निमूट काकांच्या मागे जातं. तालमीत त्यांनी विचारलं, “काय रे, पायाने मात्रा मोजतोस की काय?” मी हो म्हणालो.

तक्रारी आहेतच. पॅच बदलला की आधीचा डिले पटकन तुटतो, शेपूट राहत नाही, म्हणून मी आता एका गाण्याला एकच पॅच ठेवतो आणि आतले ब्लॉक, म्हणजे एकेक इफेक्ट, चालू-बंद करतो. सेव्ह न करता पुढच्या पॅचवर गेलं की केलेलं सगळं जातं, विचारतसुद्धा नाही. दोनदा रडून झाल्यावर सवय लागली. उन्हात स्क्रीन दिसत नाही. यूएसबीने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग मात्र उत्तम होतं, आणि सगळे पॅच तिथे उतरवून ठेवता येतात. अशा यंत्रातून आवाज बाहेर पडायला उशीर लागतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, आणि स्टेजवर आपण अ‍ॅम्पपासून दोन-तीन मीटर लांबच उभे असतो.

घ्यावा का? फ्लॅटमध्ये राहून रात्रीच वाजवायला मिळत असेल तर जरूर घ्या. वाजवताना वाकून नॉब फिरवायची सवय असेल तर दोन साधी पेडलं घ्या, मेन्यूत शिरून गाणं हातचं जातं. दोनशे प्रीसेटपैकी मी सगळे बाजूला सारून चार पॅच ठेवले आहेत, त्यातला एक म्हणजे ओव्हरड्राइव्ह (आवाजाची हलकी फाट) पूर्ण बंद, नुसता स्वच्छ आवाज आणि चिमूटभर रिव्हर्ब. कार्यक्रमात तोच सगळ्यात जास्त वाजला.

एक्स्प्रेशन पेडल पावसाळ्यापासून करकरतंय. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा असं मनात आहे, पण वॉरंटीचे चार महिने अजून बाकी आहेत.