नऊ ग्रॅम कमी भरलेला साबण, काकडांविना आलेली शेवळं : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वेष्टनावर १०० ग्रॅम, काट्यावर ९१. गेल्या नोव्हेंबरात हे दिसलं त्याच दिवशी लिहायला बसले होते. तेव्हा लिहून टाकलं असतं तर सगळं रागानेच भरलं असतं. आता ऑगस्ट आहे. मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं आणि एका बाबतीत जराही बदललं नाही.

साबण मुरबाड तालुक्यातल्या बायकांच्या एका बचत गटाचा. खोबरेल, मोहाच्या बियांचं तेल, थोडं करंज तेल, वरून शिकेकाई नाहीतर कडुलिंबाची पूड. हाताने घोटलेला, तारेने कापलेला, १२० रुपयांना एक. गटातल्या एक मावशी दर शनिवारी बदलापूरला येतात, तेव्हा पावसाळ्यात रानभाज्याही आणतात. गटाचं नाव मुद्दाम देत नाही. असे गट आता बऱ्याच तालुक्यांत आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांच्या मालाला लागू आहे.

तर काटा. माझ्याकडे फराळाच्या मापासाठी घेतलेला डिजिटल काटा आहे आणि घरात आलेली पॅकबंद वस्तू एकदा तरी त्यावर जातेच. माझे वडील किराणा दुकानात हिशेब लिहायचे, त्यांची ही सवय. पाच साबण ठेवले : ९१, ९३, ९२, १०३, १०२. एका साच्यातले, एका किमतीचे, आणि दोन टोकांत बारा ग्रॅमचं अंतर. शनिवारी ते तिन्ही हलके साबण आणि काटा दोन्ही पिशवीत घालून स्टेशनजवळ गेले. १२० रुपये मोजते तर १०० ग्रॅम मिळालेच पाहिजेत, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे.

मावशींनी एकेक साबण हातात घेतला, नखाने कड दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, हलका हाय तो जुना हाय. जुना म्हणून चांगला. जड पायजे तर जड देते, पन मंग पंधरा दिसांत इरघळला म्हनून फोन नको करू." मला ते पटलं नाही. वजन कमी भरल्यावर प्रत्येक विक्रेता असं काहीतरी सांगतोच. थोडं चढ्या आवाजात बोलणं झालं, आजूबाजूची माणसं बघायला लागली. शेवटी असं ठरलं की एक जड आणि एक हलका मी वापरून बघायचा आणि जे दिसेल ते त्यांना येऊन सांगायचं.

मग मी ते नीट केलं. साबण घरात आम्ही दोघंच वापरतो, नवरा आणि मी, सासूबाईंना याच साबणाची वेगळी वडी. आधी १०३ ग्रॅमचा काढला. न्हाणीघराच्या दारामागे कागद चिकटवला आणि रोज एक रेघ. १९ दिवसांत संपला. शेवटचे चार दिवस तर तो साबण नव्हताच, डिशच्या तळाशी साठलेला गोळा होता. मग ९१ ग्रॅमचा काढला, तीच डिश, तीच जागा. तो ३४ दिवस गेला, आणि शेवटची चकतीसुद्धा कडक होती, पुढच्या साबणाला चिकटवून तीही वापरून टाकली.

हिशेब असा. जड साबणाच्या ३८ आंघोळी, म्हणजे आंघोळीला ३ रुपये १६ पैसे. हलक्याच्या ६८, म्हणजे १ रुपया ७६ पैसे. तुलनेसाठी नेहमीचा ४२ रुपयांचा बाजारी साबणही तसाच मोजला, तो २७ दिवस गेला, म्हणजे ७८ पैसे. स्वस्त तोच. हे मी लपवणार नाही, कारण ज्यांना फक्त अंग स्वच्छ करायचंय त्यांनी एवढंच वाचून थांबायला हरकत नाही.

पण नऊ ग्रॅमचं कोडं सुटलं ते असं. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र आलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता केलेल्या साबणात ते सोड्याबरोबरचं पाणी सुरुवातीला तसंच अडकलेलं असतं. वडी चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर मुरू दिली की ते उडून जातं. साचा एकच, तेलही दोन्हीत सारखंच. म्हणजे जड साबणात जे बारा ग्रॅम जास्त होते ते तेल नव्हतं, पाणी होतं. मी पाण्यासाठी भांडत होते. हे कळल्यावर पुढच्या शनिवारी मावशींकडे गेले आणि त्यांचं बरोबर होतं हे त्यांच्याच तोंडावर सांगितलं. त्या हसल्या नाहीत की काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या वेळी माझ्यासाठी वेगळे काढलेले सहा हलके साबण घेऊन आल्या.

तरीही माझा मुद्दा संपत नाही. घरातल्या बाजारी साबणाचं वेष्टन मी नंतर नीट वाचलं. वजनापुढे बारीक अक्षरांत 'व्हेन पॅक्ड' असं असतं, म्हणजे पॅक करतेवेळी इतकं भरलं होतं. मोठ्या कारखान्याचा साबणही सुकतो आणि ते तसं लिहून मोकळे होतात. मग या बायकांनी का लिहू नये? तारीख घाला, कधी कापला ते लिहा, "सुकल्यावर साधारण ९० ग्रॅम" असं छापा. रबरी शिक्का जेमतेम शंभर-दीडशे रुपयांत होतो. हे मी फेब्रुवारीत सांगितलं, एप्रिलमध्ये सांगितलं, गेल्या शनिवारीही सांगितलं. वेष्टनावर अजून १०० ग्रॅमच आहे. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. माल खरा असून तो खोटा ठरतो, आणि तेही घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ज्याला बोट दाखवायला निमित्तच हवं असतं.

त्याच वेष्टनावर 'केमिकलविरहित' असंही आहे. तेही काढायला हवं. कॉस्टिक सोड्याविना वडीचा साबण होतच नाही. शंभर ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक लागतं, मोहाच्या तेलाला १३-१४. बायका त्यापेक्षा थोडं कमीच घालतात, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि अंग ओढत नाही. हे प्रमाण त्यांना तोंडपाठ आहे. हातमोजे घालून, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, हे त्या नव्या मुलींना दटावून शिकवतात. इतकं काटेकोर काम करणाऱ्यांनी ते काम झालंच नाही असं छापून का द्यावं? 'चरबीमुक्त' हा शब्दही तसाच मिरवतात, त्यात नवं काही नाही. मुंबईत गोदरेजने वनस्पती तेलाचा साबण शंभर वर्षांपूर्वीच बाजारात आणला होता.

वापराबद्दल. फेस बेताचा, पण मऊ. मोहाच्या तेलाचा एक जड, भाजल्यासारखा वास राहतो. नवऱ्याला तो आवडत नाही, मला आता त्याच्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. सासूबाईंच्या पायांना थंडीत भेगा आणि कोरडेपणा असायचा, रोज रात्री तेल चोळावं लागायचं. या हिवाळ्यात तेल आठवड्यातून दोनदाच लागलं. औषध म्हणून मी याकडे बघत नाही आणि तुम्हीही बघू नका. त्या एका गोष्टीसाठी मात्र मी १२० रुपये देत राहीन.

केसांना अजिबात लावू नका. मार्चमध्ये आमच्याकडे चार दिवस टँकर-बोअरवेलचं पाणी होतं. त्या जड पाण्यात या साबणाने केस धुतले तर केसांवर राखेसारखा चिकट थर बसला, कंगवा निघेना. पाण्यातला कॅल्शियम आणि साबण मिळून तो साका होतो. बाजारी साबणाचंही तेच होतं, फक्त केसांना कळतं जास्त. रिठ्याला हा त्रास नाही, त्याचा फेस वेगळ्याच द्रव्याचा असतो. तेव्हापासून केसांसाठी गटाकडूनच शिकेकाईच्या शेंगा आणि रिठे घेते, रात्री भिजवून सकाळी उकळते.

पावसाळ्यात साबण घाम धरतो. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं म्हणून वडीवर थेंब येतात, ते बिघडल्याचं लक्षण नाही. प्लॅस्टिकची खोलगट डिश मात्र फेकून द्या. मी नारळाची अर्धी करवंटी घासून घेतली, तळाला खिळा तापवून तीन भोकं पाडली आणि तिच्या तोंडावर सुतळीच्या चार फेऱ्या ताणून बांधल्या. साबण सुतळीवर, पाणी भोकांतून खाली. जुलैतला साबण २८ दिवस गेला. 

आता भाज्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मावशींनी शेवळांच्या, म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानभाजीच्या, दोन जुड्या दिल्या. ठाणे-रायगडकडच्या लोकांना शेवळं काय ते सांगायला नको. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात, नंतर वर्षभर वाट बघायची. मी मूळची साताऱ्याची, माझ्या हातून ही भाजी पहिल्यांदाच होत होती. सासूबाईंनी करून दाखवायचं ठरलं होतं, पण त्या नेमक्या नणंदेकडे. वरचं साल काढलं, आतला पिवळा भाग खाजरा असतो तो टाकला, बारीक चिरून कडव्या वालांबरोबर शिजवली. चिंच होती ती घातली, बहुधा कमी पडली. दुसऱ्या घासाला घशात टोचायला लागलं, सुया टोचाव्यात तसं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे खरोखरच सुईसारखे स्फटिक असतात. ताक प्यायले, गूळ खाल्ला, दीड तास गेला.

शेवळाबरोबर काकडं लागतात. काकडाच्या झाडाची ती हिरवी, आंबट, छोटी फळं ठेचून, उकळून त्याचं पाणी गाळून भाजीत घालायचं. मुरबाड-कर्जतच्या बाजारात शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देतेच, सांगावं लागत नाही. मावशींनी का दिली नाहीत? मी फोनवर चिडून विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं तुला ठावं हाय." हे उत्तर ऐकून राग शांत झाला नाही, उलट वाढला, पण विचार करायला लागले. साबणाचंही हेच झालं होतं. हलका म्हणजे मुरलेला, हे त्यांच्यातल्या लहान पोरीलाही ठाऊक, म्हणून कागदावर कोणी लिहिलं नाही. पाड्यावरची बाई पाड्यावरच्या बाईला विकते तेव्हा कागद लागत नाही. बदलापूरच्या चौथ्या मजल्यावर विकायचं तर लागतो.

पुढच्या शनिवारी पळसाच्या पानात बांधलेली काकडं आली, पैसे न घेता. या वेळी कोलंबी घालून केली, सासूबाईंच्या देखरेखीखाली. त्या चवीबद्दल एवढंच लिहिते की नवऱ्याने कढईला पोळी पुसून खाल्ली.

जुलैत एका रविवारी मावशींबरोबर रानात भाज्या खुडायला गेले. टाकळा कोवळा, फुलोऱ्याआधीचाच खुडायचा. फोडशी मुळासकट उपटायची नाही, वरची पाती घ्यायची आणि घरी मधला पांढरा दांडा काढायचा. भारंगीचा पाला उकळून पाणी फेकायचं, नाहीतर कडू जातो. कुरडू ओंजळीने मिळाला. एका ठिकाणी मी हात घातला आणि मावशींनी मनगटच धरलं. कळलावी होती. पानाचं टोक बघ म्हणाल्या, ते बारीक होत वेलीच्या ताण्यासारखं वळलं होतं. सबंध झाड विषारी, कंद तर जीवघेणा. मी त्या पानाचा फोटो काढला नाही, मुद्दाम. फोटो बघून रानात शिरणाऱ्यांची भीती वाटते मला. आणि शहराच्या कडेला, नाल्याशेजारी, हायवेलगत टाकळा कितीही हिरवागार दिसला तरी त्याला हात लावू नका.

भाज्यांचे दर सांगायचे तर टाकळा-कुरडूची जुडी २० रुपये, फोडशी ३०, करटोली पाव किलो ६०. करटोली मंडईत याहून थोडी स्वस्त मिळतात, पण मंडईतली पिकून आत लाल झालेली निघतात. इथे अकरा जुड्यांतली एकच खराब निघाली, ती बदलून दिली.

सध्या घरात चार साबण आहेत : ८९, ९०, ९०, ९२. प्रत्येकाच्या कागदावर मी पेनने तारीख टाकली आहे आणि फडताळात वरच्या फळीवर, एकमेकांना न चिकटवता मांडून ठेवले आहेत. दिवाळीला काढीन. गटासाठी तारखेचा आणि वजनाचा शिक्का मीच बनवायला टाकला आहे, १४० रुपये झाले. शनिवारी देणार आहे. शिक्क्यात शेवटी एक ओळ जास्तीची घालून घेतली आहे : 'शेवळांबरोबर काकडं मागून घ्या.'