रेंज नसतानाही शब्दांचं मूळ शोधता येतं: किविक्सवरची विक्शनरी

तळकोकणात पावसाने जोर धरला की वीज जाते, पाठोपाठ रेंज जाते, आणि शब्दाचं मूळ शोधणं तिथेच अडतं. त्यावर उत्तम तोड म्हणजे किविक्स हे मोफत अ‍ॅप आणि त्यात उतरवून ठेवलेली इंग्रजी विक्शनरी, म्हणजे विकिपीडियाच्या धर्तीवरचा खुला शब्दकोश. मराठी विक्शनरीही मिळते, पण व्युत्पत्तीसाठी (शब्दाचं मूळ शोधायला) ती फार तोकडी आहे.

फाइल काही जीबींची असते, वायफायवरच उतरवा. मेमरी कार्डाची मांडणी (फॉरमॅट) फॅट३२ या जुन्या पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, डाउनलोड अर्ध्यावर तुटतं. कार्ड एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण आधी फोटो दुसरीकडे हलवा. सगळं पुसलं जातं.

कस लावायला श्रीमंतीचा शब्द घ्या: इंग्रजी 'रिच'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ आधी 'बलवान' असा होता. जर्मन 'राइश', फ्रेंच 'रिश', इटालियन 'रिक्को', पोर्तुगीज 'रिको' ही सगळी एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्यातल्या ते भाषाकुळ) शब्दाची लेकरं. जर्मानिक लोकांनी तो घेतला केल्ट या युरोपातल्या प्राचीन लोकांकडून, 'राजा' या अर्थाच्या शब्दावरून. पुरावा आहे जर्मानिक 'रीक-' या रूपातल्या दीर्घ ईकारात! मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांची समान पूर्वज भाषा) दीर्घ 'ए'चा 'ई' करतात त्या केल्टिक भाषा. शब्द घरचाच असता तर जर्मानिकमध्ये असा 'ई' आला नसता. लॅटिन 'रेक्स'मध्ये 'ए' टिकला, आपल्या 'राजा'त त्याचा 'आ' झाला. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्याला लागलेला 'रिको' आणि आपला राजा एकाच कुळातले.

इथे एक चूक हमखास होते. 'रिच' आणि 'ऋद्धी' ऐकायला जवळचे, म्हणून लोक नातं जोडून मोकळे होतात. 'ऋद्धी' 'ऋध्' म्हणजे भरभराटणे या धातूची, तिचा राजाशी संबंध नाही. खरं नातं हवं तर रशियन 'बगाती' (श्रीमंत) उघडा, ते संस्कृत 'भग' (वैभव) आणि 'भाग्या'पाशी येतं. नोंदीत शब्दाआधी तारा (*) दिसला की समजावं, ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी अनुमानाने बांधलेलं आहे. तो तारा न पाहता नोंद पुढे पाठवू नये.

फाइलच्या नावात वर्ष-महिना असतो. त्यानंतरच्या दुरुस्त्या त्यात नसतात. नवी आवृत्ती पूर्ण उतरवावी लागते, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकून घ्या.