ताडोबाला जाताय ना, मग चंद्रपुरात पण एक दिवस काढा!!

आत्ताच ताडोबा-चंद्रपूर करून आलो, म्हटलं रिव्ह्यू टाकावा. सफारीबद्दल काय बोलणार, मोहर्ली गेटने गेलो, गाईड जवळच्याच गावातला, त्याला चितळाचा कॉल (वाघाची चाहूल लागली की चितळ ओरडतं तो) कुठून आला ते बरोबर कळायचं, वाघ दिसला, पोटभर दिसला. पण मला खरं आवडलं ते आतल्या रस्त्याच्या कडेला उभे असलेले जुने दगडी खांब. गाईड म्हणाला गोंड राजांच्या काळातले आहेत, दोरी ओढून एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जायचा म्हणे. आणि तलावाच्या काठी तारूचं देवस्थान आहे, वाघाशी लढताना गेलेला आदिवासी वीर, त्याच्याच नावावरून ताडोबा. म्हणजे इथे देव, राजा आणि वाघ एकाच रस्त्यावर भेटतात आणि आपण फक्त वाघाचे फोटो काढायला पळतो (तसा कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाईल न्यायला बंदीच आहे, फार चांगलं केलंय).

आमच्याबरोबरचे बहुतेक लोक सफारी झाली की थेट नागपूरला. अहो चंद्रपूर शहर बघा की! आख्ख्या जुन्या शहराला गोंड राजांचा परकोट आहे, जटपुरा गेट बघाच. इको-प्रो या इथल्याच संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून हा परकोट स्वतः राबून साफ केला, झाडंझुडपं काढली, त्यांना मनापासून सलाम. अंचलेश्वर मंदिराच्या भिंतीवरचं कोरीव काम जवळ जाऊन बघा, आणि त्याला लागूनच राणी हिराईने नवऱ्यासाठी, म्हणजे गोंड राजा बीरशाहसाठी बांधलेली समाधी. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेलं सगळ्यांना माहिती असतं, हे कुणाला सांगितलं तर तोंडाकडे बघतात. महाकालीचं दर्शन जवळच होतं. लालपेठला उघड्यावर पडलेल्या एका दगडातल्या प्रचंड मूर्ती आहेत, त्यातल्या दहा तोंडांच्या दुर्गेला लोक रावणच म्हणतात, आणि खरंच बाजूला उभं राहिलं की आपण एवढूसे वाटतो.

भद्रावती नागपूर रोडवरच आहे. विजासन लेणीत बोगद्यासारखी लांब वाट आणि टोकाला बसलेला बुद्ध, टॉर्च न्या. भद्रनाग मंदिर आणि जैन मंदिर तिथेच गावात, अर्ध्या दिवसात आरामात होतं.

आता कमी कुठे पडतं, तर माहिती. पाट्या नाहीत, असल्या तर पुसट, रिक्षावाल्याला लालपेठच्या मूर्ती विचारल्या तर दोघांनी माहीत नाही सांगितलं. जंगलात गाईड कंपल्सरी आहे तसाच शहरात इथल्याच पोरांना गाईडचं ट्रेनिंग द्या, सफारीच्या बुकिंगसोबतच हेरिटेज राउंडचा ऑप्शन ठेवा, लोक नक्की थांबतील, हॉटेलवाल्यांचं पण भलं होईल. वाघासाठी हजारो रुपये देणारा माणूस यासाठी थोडे देणार नाही का?

ताडोबाला ५ स्टार, शहराला जे आहे त्यासाठी ५ आणि सोयीसाठी २. मंगळवारी ताडोबा बंद असतं, तोच दिवस चंद्रपूर-भद्रावतीला ठेवा. चैत्रात महाकालीची यात्रा असते, मराठवाड्यातून खूप लोक येतात, तेव्हा जाणार असाल तर रूम आधीच बुक करा, आणि उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत फिरून घ्या, इथलं ऊन भयंकर आहे.