कोर्ट मॅरेजवाल्या एजंटचा रिव्ह्यू, पाचपैकी तीन

पुण्यात विवाह नोंदणी ऑफिसच्या बाहेर टेबल टाकून बसलेले एजंट असतात ना, त्यातल्या एकाकडून आम्ही मागच्या वर्षी लग्नाचं काम करून घेतलं. नाव लिहीत नाही, माणूस तसा वाईट नाहीये. आणि हो, कोर्ट मॅरेज म्हणतात सगळे पण कोर्टाचा काही संबंध नसतो, तुम्ही विवाह अधिकाऱ्यासमोर जाता, बास.

आधी थोडं आमचं. चार वर्षं वाकडला एकत्र राहत होतो आणि लग्नाचं काही अडत नव्हतं, खरंच नव्हतं. सोसायटीच्या चेअरमनना एकदा 'एंगेज्ड आहोत' असं सांगितलं, मग त्यांनी पण परत विचारलं नाही. अडलं ते रात्री दोन वाजता याचं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा एक रकाना असतो, मी फ्रेंड लिहिलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली घरचं कुणीतरी बोलवा. घरचं कुणीतरी म्हणजे लातूरला असलेला भाऊ! तो फोनवर हो म्हणाला तेव्हा पुढचं हललं. रोज याच्या डब्याला भाजी मी करते आणि सही भावाची. त्यात आमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये फक्त नवरा किंवा बायको चालते, म्हणजे बिल पण खिशातूनच. घरी आल्यावर तोच म्हणाला, चल करून टाकू. एवढंच प्रपोजल झालं आमचं.

आता एजंट. पहिल्याच भेटीत त्याने आळंदीचं सुरू केलं, "मॅडम आळंदीला करा, सकाळी हार घातले की काम झालं, नोंदणीचं मी बघतो." आम्हाला विधी नको होते, भटजी नको, सप्तपदी नको, म्हणून 1954 च्या विशेष विवाह कायद्यानेच करायचं ठरवलेलं, त्यात नोटीस द्यायची आणि तीस दिवस थांबायचं. हे त्याला तीनदा सांगावं लागलं. शेवटी म्हणाला, "चार वर्षं थांबलात तर तीस दिवस काय," यावर मला हसू आलं त्यामुळे अर्धा स्टार तिथेच परत दिला.

चांगलं काय तर कागदपत्रांत माणूस पक्का आहे. आमचं भाडं करारपत्र फक्त माझ्या नावावर, कारण दोघांच्या नावाने करायला घरमालक तयार नव्हता. आम्हाला वाटलं झालं, आता याचा पुण्याचा पत्ता कुठून आणायचा. तर तो म्हणाला दोघांपैकी एक जण नोटीसच्या आधी निदान तीस दिवस या जिल्ह्यात राहत असला की पुरतं, आणि खरंच पुरलं. वयाचे दाखले, फोटो, साक्षीदारांचे कागद, सगळं एका खेपेत झालं, परत पाठवलं नाही कुणी.

स्टार कापला तो या कारणासाठी. नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात हे माहीत होतं, पण कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक कॉपी तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिकडे पण लागते, हे त्याने सांगितलंच नाही. आम्ही दिवाळीला घरी जाऊन निवांत सांगणार होतो. त्याआधीच याच्या चुलत्यांनी लातूरला बोर्डावर वाचलं आणि बाबांचा फोन, "अरे तुझं लग्न आहे म्हणे?" पुढचे दोन आठवडे कसे गेले ते इथे लिहीत नाही. आमच्याकडे फक्त रुसवे झाले, पण घरून पळून आलेल्यांना किंवा धर्म वेगळा असलेल्यांना हे किती महागात पडू शकतं! रोज हेच काम करणाऱ्या माणसाने हे पहिल्या दिवशी सांगायला नको?

दुसरा स्टार पैशाचा. सरकारी फी अगदीच किरकोळ, हा घेतो नऊ हजार, आणि वर लग्नाच्या दिवशी "स्टाफच्या चहापाण्याचे" पाचशे मागितले. दिले नाहीत, तरी लग्न लागलं.

तिथल्या बाकावर बसून एक कळलं की आमच्यासारखे बरेच असतात. एका जोडप्याला व्हिसासाठी सर्टिफिकेट हवं होतं, एकांना होम लोन दोघांच्या नावावर पाहिजे होतं. प्रेमाबद्दल कुणीच बोलत नव्हतं, ते बहुतेक घरी ठेवून आलेले.

आणि उलटं पण आहे हां. माझी आत्या त्रेसष्टची, काका जाऊन आठ वर्षं झाली, ती आता एका गृहस्थांबरोबर राहते आणि लग्न करायचं नाही म्हणते. तिने मृत्यूपत्र केलेलं नाही, आणि ते नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तिच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या बरोबरीने नव्या नवऱ्याचाही वाटा येतो, आणि मग मुलं तोंड फिरवतात. "मला सोबत पाहिजे, वाटणी नको," असं तिचं म्हणणं. ती काही एकटी नाही, पुण्यात 2012 पासून ज्येष्ठांच्या लिव्ह इनसाठी एक मंडळच आहे, माधव दामल्यांनी सुरू केलेलं. म्हणजे ज्या कागदासाठी मी नऊ हजार मोजले तोच कागद आत्याला फुकट दिला तरी नकोय.

जाणार असाल तर कायमच्या पत्त्याचं आधी विचारा, घरी आधी सांगा, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावा नाहीतर नोटीस परत द्यावी लागते. साक्षीदार तीन लागतात पण चौथा सांगून ठेवा, आमचा एक चांदणी चौकात अडकला होता आणि शेवटी एजंटच्याच पोऱ्याने सही केली. लग्नाच्या एकुलत्या एका ग्रुप फोटोत तो मधोमध उभा आहे, नाव अजून माहीत नाही.