ग्रिपर डिझाइन करणाऱ्याच्या हातातील मितुतोयो कॅलिपर

भोसरीतील एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत मी रोबोचे ग्रिपर (वस्तू पकडणारे पंजे) आणि फिक्स्चर (वस्तू जागेवर घट्ट धरणारे साधन) डिझाइन करतो. गेली सहा वर्षे मितुतोयो या जपानी कंपनीचा १५० मिमीचा ॲब्सोल्यूट डिजिमॅटिक कॅलिपर (जबड्यांनी माप घेणारे उपकरण), म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या भाषेत डिजिटल व्हर्नियर, मी रोज वापरतो. ग्राहक जॉबचे, म्हणजे रोबोने उचलायच्या भागाचे, थ्रीडी मॉडेल पाठवतो, परंतु प्रत्यक्षातील कास्टिंग (ओतीव भाग) त्या मॉडेलबरहुकूम क्वचितच असते. म्हणून फिंगरचा, म्हणजे ग्रिपरच्या पकडणाऱ्या बोटाचा, आकार ठरवण्यापूर्वी वीस-पंचवीस जॉब मी स्वतः मोजतो. पहिल्या जॉबवर झिरो करून पुढच्या प्रत्येकाचा केवळ फरक वाचला की ग्रिपरला किती जादा स्ट्रोक (फिंगरची उघडझाप) लागेल ते अर्ध्या तासात समजते.

पूर्वीच्या स्वस्त डिजिटल कॅलिपरचा जबडा वेगाने सरकवला की शून्य हलत असे, आणि ते वेळीच लक्षात न आल्याने एकदा फिंगरचा पूर्ण संच नव्याने करावा लागला. मितुतोयोच्या या कॅलिपरमध्ये पट्टीवरील प्रत्येक स्थान थेट ओळखले जात असल्यामुळे बंद करून चालू केल्यावरही मूळ शून्य कायम राहते. ॲब्सोल्यूट एन्कोडर (नेमके स्थान थेट सांगणारा सेन्सर) असलेल्या रोबोला रोज सकाळी होमिंग (मूळ स्थानी नेऊन शून्य लावणे) करावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. सेल बदलल्यावर मात्र शून्य पुन्हा लावावे लागते.

समान व्यासाच्या दोन भोकांमधील सेंटर अंतर काढताना झिरोचे बटण विशेष उपयोगी पडते: आतल्या जबड्यांनी एका भोकाचा व्यास घ्यावा, तिथे झिरो करावे आणि मग दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर मोजावे, पडद्यावर थेट सेंटर अंतर येते.

तरीही पडद्यावरील ०.०१ मिमीला भुलू नये, कारण अचूकता ±०.०२ मिमी आहे. डॉवेल पिनसाठीच्या ६ एच७ भोकाची (६ मिमी व्यास, एच७ हा अचूकतेचा दर्जा) संपूर्ण टॉलरन्सच, म्हणजे मापातील मान्य फरकच, १२ मायक्रॉन (०.०१२ मिमी) असते. शिवाय आतल्या जबड्यांच्या कडा किंचित सपाट असल्याने लहान भोक आहे त्याहून लहान भासते. अशा भोकाला प्लग गेजच (भोक तपासण्याची ठरावीक व्यासाची दांडी) लावावा. कॅलिपरच्या भरवशावर ते पास करणे मला मान्य नाही. मोजपट्टी आणि जॉब एका रेषेत नसल्यामुळे जबड्याच्या टोकाशी जोर दिला तरी माप बदलते, म्हणून जॉब शक्य तितका पट्टीजवळ धरावा.

माझे मॉडेल कूलंटपासून (मशीनवर सोडले जाणारे थंडावा देणारे द्रव) संरक्षित नाही. मशीनजवळ वापर असेल तर आयपी६७ (धूळ-पाणीरोधक) दर्जाचे वेगळे मॉडेल घ्यावे. किंमत साध्या डिजिटल व्हर्नियरच्या कित्येक पट आहे आणि बाजारात हुबेहूब नकलाही मिळतात, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

दर सोमवारी मी जबडे पुसून, मिटवून उजेडासमोर धरतो. सहा वर्षांनंतरही त्यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसत नाही.